भुकेलं मूळ

सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता मॅडम म्हणाल्या, "एकाही मुळात बुरशी शिरलेली नाही. शलाका, तुझी बुरशी मेलेलीच होती. टाकून दे सगळी."

शलाकानं वर्षभर जपलेली बुरशीची बरणी उचलली. शेजारी उभ्या असलेल्या नंदिताची नजर तीच बुरशी मिसळलेल्या कुंडीतल्या कांद्याच्या रोपांवरून हटेना. महिन्यापूर्वी ती खुरटलेली पाहून तिला राहवलं नव्हतं; कुणाला न सांगता तिनं चिमूटभर सुपर फॉस्फेट खत घातलं होतं. आता पात कशी तरारली होती.

भुकेलं मूळच मातीत रस सोडून फॉस्फेट आणून देणाऱ्या बुरशीला बोलावतं, पोट भरलेलं मूळ गप्प बसतं, हे तिला पाठ होतं.

शलाका दारापर्यंत पोचली.

"थांब," नंदिता म्हणाली. "मॅडम, बुरशी जिवंत आहे. मी मुळांना भूकच लागू दिली नाही."