मुलाणीचाचांचे रस्ते

कुंभार्ली घाट उतरताना करुणाचे हात आपसूक वळत होते. ट्रकवरची तिची ही पहिलीच खेप, पण कुठं गिअर पाडायचा, कुठल्या वळणाआधी हॉर्न द्यायचा, सगळं तिला ठाऊक होतं. निवृत्त होणाऱ्या ड्रायव्हरचे रस्ते नव्याच्या डोक्यात उतरवायची आता पद्धतच पडली होती. मुलाणीचाचांचे तीस वर्षांचे रस्ते तिला आज पहाटे मिळाले होते.

तेवढ्यात चाचांचा फोन आला. तिनं गाडी कडेला घेतली.

"पोरी, मी कराडात डेपोच्या गेटवरच उभा हाय," चाचा म्हणाले. "घराकडं कसं जायचं गं?"

रस्त्यांची फक्त नक्कल घेतात, मूळ ड्रायव्हरकडंच राहतं, असं ट्रेनिंगला सांगितलं होतं.

"घाबरू नका, चाचा. डावीकडं वळा. गिरणीच्या शेजारच्या बोळात शिरा. तिसरं हिरवं दार."

ती सांगत राहिली, ते चालत राहिले. फोनमधून त्यांची धाप ऐकू येत होती. शेवटी कडी वाजली, दार उघडलं.

"पोरी," चाचा कुजबुजले, "एक बाई माझा हात धरून आत वढतीया. कोण हाय ही?"

करुणानं त्या बाईला कधीच पाहिलं नव्हतं. तरी तिचं नाव ओठांवर आलं, तेही तीस वर्षांच्या संसारातल्या लाडानं.

"जैनू."