दुपारनंतरची सही

"सिस्टर, एक ओळ लिहा आणि मोकळ्या व्हा," म्हणत पेन्शन विभागाच्या साहेबांनी स्वतःचं पेन पुढे केलं.

सिस्टरांनी पेन घेतलं, पण कागदाला टेकवलं नाही. महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या. जुन्या पेन्शनच्या अगदी शेवटच्या दिवशी त्या नोकरीवर आल्या. पण हजर झाल्याची सही पडली दुपारनंतर, आणि सरकारच्या घड्याळात दुपारनंतर आलेला माणूस थेट दुसऱ्या दिवशी उगवतो. झालं! अर्ध्या दिवसाने जन्माची पेन्शन हुकली. आता नवा आदेश निघाला होता. उशीर कार्यालयाच्या चुकीने झाला असेल, तर जुनी पेन्शन द्यायची. अर्जाचा आज शेवटचा दिवस.

"लिहा, हेडक्लार्कच्या हलगर्जीपणामुळे सही उशिरा झाली. सगळे असंच लिहितात. ते बिचारे कधीच गेले, भांडायला थोडेच येणार आहेत!"

मागच्या बाकावर नवरा खाकरला. जन्मभर शिवणयंत्रावर वाकलेला माणूस. आता सुईत दोरा ओवणं राहू द्या, सुईच दिसत नव्हती. घर चालायचं ते सिस्टरांच्या पगारावर.

"लिहून टाक गं," तो म्हणाला. "देव काय सरकारी अर्ज वाचत बसतो?"

"त्याला वाचायला कशाला हवं? तो होता की त्या दिवशी तिथे!"

त्या सकाळी नेमणुकीचं पत्र घेऊन त्या दवाखान्याचा जिना चढत होत्या, तर वळणावरच एक बाई बाळंतपणाच्या कळांनी अडलेली. सिस्टर तिथेच तिच्यापाशी बसल्या. ओरडा ऐकून हेडक्लार्क खुर्ची सोडून धावले. अंगातला कोट काढून त्यांनी आडोसा धरला, तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि "पाणी आणा रे, गरम पाणी!" असं घसा बसेपर्यंत ओरडत राहिले. नंतर हजेरीचं रजिस्टर त्यांनीच पुढे केलं, तोवर दुपार उलटली होती.

"हलगर्जीपणा नाही लिहायची मी," सिस्टर म्हणाल्या, आणि जे घडलं तेच चार ओळींत लिहून त्यांनी कागद सरकवला.

साहेबांनी वाचला. "सिस्टर, यात कार्यालयाची चूक कुठे आहे?"

"नाहीच आहे."

"मग अर्ज नामंजूर होईल."

"होऊ दे."

"झालं समाधान?" नवरा बाकावरून म्हणाला. त्या आवाजात राग शोधावा लागला असता.

साहेबांनी शिक्का उचलला. तो खाली येता येता मध्येच थांबला.

"पण काय हो, मूल झालं तेव्हा बारा वाजायला अवकाश होता, असं तुम्हीच लिहिलंय. उरलेला जिना चढून सही करायला असा कितीसा वेळ लागतो?"

"ते रडत नव्हतं, साहेब," सिस्टर म्हणाल्या. "रडेपर्यंत थांबले."