एकशे चार ठोके

लिफ्ट बंद होती. दुधाच्या पिशव्या घेऊन चार मजले चढून विक्रांत घरात शिरला, तेव्हा टेबलावर आठशे मीटर शर्यतीचा फॉर्म पेनासकट मांडून ठेवलेला होता. सहीची आज शेवटची तारीख.

"नाही," त्याने फॉर्म न वाचताच लेकीला सांगितलं. "तुझं हार्ट नाजूक आहे, पहिल्यापासून."

हे नाजूकपण कुठल्या डॉक्टरने शोधलं, ते तेरा वर्षांच्या मयुराला कधीच कळलं नव्हतं. बाबा मात्र रोज सकाळी द्वारकेतल्या त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर व्यायामाचे सल्ले टाकायचा, तेही लोळत. उंटावरून शेळ्या हाकायला त्याला उंटसुद्धा लागत नसे, सोफा पुरायचा.

"थांब, आत्ता सिद्ध करतो." त्याने तिचं मनगट पकडलं आणि त्यावर अंगठा दाबला.

"बाबा, अंगठा नको ना. दोन बोटं ठेव. मॅमनी शिकवलंय."

"अच्छा! आता तू मला शिकवणार? चलो, हात सरळ."

तिने हात सरळ केला. सांगायचं ते सांगून झालं होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत विक्रांत धापा टाकत मोजू लागला. त्याच्या कपाळावरचा घाम टपकन फॉर्मवर पडला. मयुराला किळस आली.

"पंधरा सेकंदांत सव्वीस! सव्वीस चोक एकशे चार!" तो खूश होऊन ओरडला. "लतिका, ऐकलंस? नुसती उभी राहून एकशे चार! पळाली तर काय होईल? पेशंट आहे ही, पेशंट!"

लतिका कणकेच्या हातांनीच बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता. तो चेहरा पाहून मयुराला पहिल्यांदा भीती वाटली. आईनेही नाही म्हटलं तर शर्यत संपलीच.

"आता माझी टर्न," ती म्हणाली. तिने बापाच्या मनगटावर दोन बोटं टेकवली आणि आईला ऐकू जाईल असं मोठ्याने मोजलं. काटा पंधरा घरं पुढे गेला तेव्हा ती थांबली.

"सव्वीस. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, बाबा. मघाशी तू तुझेच ठोके मोजलेस."

"मी जिना चढून आलोय," विक्रांत पुटपुटला.

लतिकाने पदराला हात पुसले. लेकीच्या मनगटावर दोन बोटं ठेवून, घड्याळावर नजर लावून तिने मनातल्या मनात मोजलं. "अठरा," ती म्हणाली आणि पेनाचं टोपण काढलं.

"सही नंतर कर, आई," मयुरा म्हणाली. "आधी पेशंटला खुर्ची दे."