कोरडी गोळी

“एक घर राहिलंय,” नर्सबाई यादीवर बोट ठेवून म्हणाली.

“ते भिकाजीचं. वाळीत टाकलंय आम्ही,” पंच म्हणाले. “तिथलं पाणी पिणाराही वाळीत, असा माझाच ठराव आहे.”

“माश्यांना ठराव कळतो का? त्या घरातल्यांच्या डोळ्यांवरची माशी उद्या तुमच्या नातवाच्या डोळ्यांवर बसेल. सगळ्या गावानं गोळी घेतली तरच डोळ्यांतल्या खुपऱ्यांची साथ जाईल.”

नातवाचं नाव निघताच पंच उठले. सहा वर्षांनी ते भिकाजीच्या दारात उभे राहिले, तेही हात जोडून. कुंपणाबाहेर अख्खं गाव जमलं.

“गावासाठी घे बाबा गोळी.”

“घेतो. आधी तुम्ही घ्या,” भिकाजी म्हणाला.

गावाला गोळ्या वाटण्याच्या गडबडीत पंचांची स्वतःची राहिलीच होती; नर्सबाईनं ती त्यांच्या हातावर ठेवली. भिकाजीच्या बायकोनं पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. पंचांनी त्याकडे न बघता गोळी कोरडीच तोंडात टाकली. ती घशात अडकली. ठसका लागला, डोळे पांढरे झाले आणि हात आपसूक तांब्याकडे गेला.

तांब्या रिकामा होईपर्यंत भिकाजी थांबला. मग स्वतःची गोळी गिळून म्हणाला, “या, बसा पंच. आता आपली दोन घरं झाली.”