चार दिवसांचं गणित

ट्रॅक्टर चालू झाला तरी रोहिणी ट्रॉलीपुढून हटेना. जिल्ह्यात कुठली साथ कुठं किती पसरेल, याचं गणित मांडायची नोकरी तिची. कागदावर तिचं गणित कधी चुकलं नव्हतं. उमापूरच्या वेशीत ते ऐकायला मात्र कुणाला सवड नव्हती.

"चारच दिवस थांबा," ती ऊसतोड टोळीच्या मुकादमाला, शहादेवला म्हणाली. "रुक्मिणीबाईंच्या दुर्गीला गोवर निघालाय. आज गेलात तर कारखान्यावरच्या दीडशे लेकरांतल्या साठांना होईल. चार दिवसांत तिची लागण ओसरेल, मग गेलात तर दोघा-तिघांना."

"कारखाना थांबतोय व्हय आपल्यासाठी?"

"मग एकट्या रुक्मिणीबाईंना गावात मागं ठेवा."

शहादेव हसला. ऊस तोडायला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात; एकट्या गड्याला फडात कोण घेतो? "अर्धा कोयता घिऊन काय करू, म्याडम?"

रोहिणी रुक्मिणीबाईकडं वळली. कडेवरची दुर्गी तापानं मलूल झाली होती, तोंडभर लाल पुरळ.

"साठ म्हन्ता, त्यात माजी हाय का?"

खोटं बोलावं असं रोहिणीला फार वाटलं. "नाही. तुमची बरी होईल. पण तान्ह्या बाळांना गोवराची लस नसते, बाई. त्यांतलं एखादं जाईल."

"कुनाचं?"

"ते गणितात येत नाही."

"मंग कुनापायी थांबू, ताई?"

बाई भांडत नव्हती. तिला खरंच नाव हवं होतं. कळतं तर नवऱ्याशी भांडून राहिलीही असती. रोहिणीला स्वतःच्या शिक्षणाची लाज वाटली.

ट्रॉलीतून दोन-चार बायकांचे हात पुढं आले. आजारी लेकराला एकटं सोडायची रीत नाही. एकीनं दुर्गीला ओढून घेतलं, पदरानं नाक पुसलं, दुसरीकडं दिलं. या मांडीवरून त्या मांडीवर करत पोरगी पार मागं, गाठोड्यांच्या आडोशाला गेली. तिथं मनिषा पाच महिन्यांच्या बाळाला पाजत बसली होती.

"हिकडं द्या तिला, वारं लागंल," म्हणत तिनं दुर्गीला कुशीत घेतलं आणि दोघांवर एकच गोधडी ओढली.

ट्रॉली हलली. रोहिणी हात उंच करून मागं धावली.

मनिषानं ते पाहिलं. ती हसली, गोधडीतून बाळाची इवलीशी मूठ बाहेर काढली आणि टाटा करत हलवत राहिली.