गोणपाटाचं जाकीट

तोरणाची शेवटची गाठ मारायची राहिली होती, आणि सुवर्णा स्टुलावर तशीच उभी होती.

"मावशी, आवरा हं लवकर. पाहुणे अकराला येतील," तेजस्विनी म्हणाली. गंगापूर रोडवरचं हे काचेचं दुकान तिचं. लग्नाचे लेहंगे, शेरवान्या. किंमत ऐकून नवरीचा बाप आधी पाणी मागतो, असा सगळा मामला. आज नवं दालन उघडायचं म्हणून मखमलाबादच्या मळ्यातून सुवर्णानं दोन पाट्या झेंडू आणला होता.

पण तिचं लक्ष होतं मधल्या पुतळ्याकडं. भरजरी लेहंग्याच्या शेजारी त्या पुतळ्याच्या अंगात एक जाकीट होतं. जीन्सच्या तुकड्यांचं, पाठीवर कांद्याच्या गोणीचं ठिगळ, एक बाही दुसरीपेक्षा लांब.

"हे इकायला हाय, ताई?"

"ते नाही हो, तो मूळ नमुना. त्याच्यावरून शिवलेली ही बाकीची आहेत, चोवीस हजाराला एक." तेजस्विनी हसली. "आता मोठमोठे डिझायनर रस्त्यावरच्या पोरांकडं बघून कपडे करतात, मावशी. ढगळ, ठिगळांचे. नवरदेवसुद्धा संगीताला हेच मागतात. भरजरी कोण विचारतो?"

सुवर्णा खाली उतरली. हात साडीला पुसले आणि जाकिटाची कड हळूच उलटली. आतला खिसा हिरव्या पोलक्याच्या कापडाचा होता, आणि शिवला होता हार ओवायच्या जाड दोऱ्यानं. कुठला शिंपी हाराच्या दोऱ्यानं खिसा शिवेल? घरात दुसरा दोरा नसला तर आईच शिवते.

तिनं खिशात हात घालून पाहिला. रिकामा होता.

साईला जाऊन दोन वर्षं होत आली होती. पोराला नाद एकच, जुन्या कपड्यांची मोडतोड करून नवं काहीतरी शिवायचं. मळ्यात काम सांगावं तर हा मशीनवर. एके दिवशी हे जाकीट घालून तो भावकीच्या साखरपुड्यात गेला आणि लोक पोट धरून हसले. मोतीरामला, तिच्या नवऱ्याला, ते फार लागलं. "गोणी पाठीवर घेऊन हमाल हिंडत्यात. ही थेरं करायची तर माझ्या दारात उभा राहू नको," तो चारचौघांत म्हणाला. साई त्याच संध्याकाळी गेला, अंगावरच्या जाकिटानिशी.

पुढं हिवाळ्यात सुवर्णाच्या काळजाचं ऑपरेशन झालं. साईचा सुरतेत पत्ता लागला म्हणून तिला दवाखान्यात जावेच्या हवाली करून मोतीराम तिकडं गेला आणि पंधरा दिवसांनी परतला. "भेट नाय झाली. पण एका कारखान्यात हाय म्हणं. खुशाल हाय." तेवढ्या शब्दावर बाईनं दिवस ढकलले. फोन नाही, चिठ्ठी नाही. मोतीराम पुन्हा शोधायला गेला नाही आणि तिलाही जाऊ दिलं नाही. हळूहळू तिनं साईचं ताट वाढणं सोडलं. आशेलाही काही वय असतं की नाही?

आणि आज हे!

"कुणाकडून घेतलं?" तिनं आवाज शक्य तितका साधा ठेवला. आपलं नातं सांगितलं आणि ही पोरगी बिचकून गप्प बसली, तर हातचा धागा जायचा.

"यादव म्हणून एक जण आहे, पंचवटीतून जुन्या कपड्यांची गाठोडी आणतो. त्यात निघालं. कुणी शिवलंय ते त्यालाही माहीत नाही. तो कारागीर भेटला ना मावशी, तर उद्या कामावर ठेवीन. चार वर्षं कॉलेजात शिकून आलेल्यांना हे जमत नाही."

सुवर्णा फुलांचे पैसे घ्यायलाही थांबली नाही.

रिक्षात तिनं हिशोब जुळवून टाकला. पोरगं सुरतेहून परत आलंय. घरी यायला तोंड नाही म्हणून पंचवटीत कुठंतरी राहतंय. खायचे वांधे झाले असतील, म्हणून जाकीट विकलं. म्हणजे मळ्यापासून हाकेच्या अंतरावर. आणि आपण इकडं निवांत हार ओवत बसलो! तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं.

मोतीराम ओट्यावर शेवंती निवडत होता. तिनं एका दमात सगळं सांगितलं. तो फुलं निवडतच राहिला.

"अशी छप्पन जाकिटं असत्यात," तो म्हणाला.

"खिसा माझ्या हातचा हाय! मला शिकवता का? अन ज्याला तुम्ही हमाल म्हणाला ना, त्याचं बघून त्या बाईनं आख्खं दुकान सजवलंय. नोकरी देते म्हणती."

मोतीरामचे हात थांबले.

"त्या यादवला गाठते. कुणी इकलं ते त्याच्याकडून काढते. पोरगं सापडलं की तुम्ही यायचं अन चार शब्द गोड बोलायचे. लय झाला तुमचा ताठा." तिनं पायात चप्पल सरकवली.

"नको जाऊ."

"का? अजून राग गेला नाय तुमचा?"

"राग कसला." मोतीराम उठला, पण त्याला तिच्याकडं बघवेना. "सुवर्णा, तू दवाखान्यात होतीस. डाक्टर म्हणला, हिला धक्का सोसायचा नाय. मग नंतर माझं तोंडच उघडंना."

"काय बोलताय तुम्ही?"

"ते जाकीट कुणी इकलं नाय गं. मीच पंचवटीत गंगेच्या घाटावर सोडलं, साईच्या दहाव्याला."