घडीवरची कात्री

मास्तरांच्या लक्षात आलं तेव्हा कापडाचे दोन तुकडे झाले होते.

गाऊनची पाठ कापताना कापड दुहेरी करायचं, बाकीच्या बाजू कापायच्या आणि घडीला हात लावायचा नाही, हे शिवणकाम शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच कळतं. मास्तरांनी चाळीस वर्षं कपडे शिवून आज नेमकी घडीवरूनच कात्री चालवली होती. गेली चार वर्षं बायकोचे गाऊन ते असेच शिवत होते. पाठ उघडी आणि मागे बांधायला तीन बंद. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवून कपडे बदलायचे, तर तेच सोपं पडतं. पण आजचा गाऊन तसला नव्हता. "अहो, याला पुढून बटणं लावा," तिने बजावून सांगितलं होतं. "माझी मी लावीन."

कारण आज सकाळी ती चालली होती. वॉकर धरून, पलंगापासून खिडकीपर्यंत, चांगली सात पावलं. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी टाळ्या पिटत राहिली. मास्तरांनीही पिटल्या. मग त्यांनी लेकीला फोन केला, शेजाऱ्यांना सांगितलं, दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं. जो तो म्हणाला, "मास्तर, तुमच्या कष्टांचं चीज झालं." मास्तर प्रत्येकाला म्हणाले, "हो ना, फार आनंद झाला." चौथ्यांदा म्हणताना त्यांना जाणवलं, की आनंद काही सापडत नाहीये. आत दुसरंच काहीतरी आहे. भीती म्हणावी तर कसली? राग म्हणावा तर कुणावर? सात पावलं टाकली म्हणून बायकोवर?

चार वर्षं देवाकडे हेच मागितलं, आणि देवाने दिलं तर यांचं तोंड एवढंसं! आपण माणूस आहोत की कोण, असं त्यांना वाटलं. या चार वर्षांत ते बायकोची वेणी घालायलासुद्धा शिकले होते. तिच्या आईपेक्षा बरी घालतात, असा शेरा खुद्द तिनेच मारला होता. आता उद्या ती वेणी स्वतः घालेल, परवा चहा करेल. मग सकाळी सहाला उठून आपण करायचं काय? हा विचार आला आणि त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली, की दुकानात एकटेच असूनही त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"झालं का हो कापून?" आतल्या खोलीतून आवाज आला.

"होतंय."

त्यांनी दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले. मधून शिवण घालून टाकली तर? हल्ली अशीच फॅशन आहे म्हणून सांगता येईल. त्यांनी टाचण्या लावल्या, काढल्या, पुन्हा लावल्या.

"अहो, झालं का?"

"होतंय म्हटलं ना!"

थोड्या वेळाने वॉकरचा ठकठक आवाज आला. मास्तर धावले, तोवर ती दुकानाच्या दारात येऊन उभी होती. धाप लागलेली, कपाळावर घाम.

"एकटी कशाला उठलीस?"

"तुम्ही ओरडलात. कापताना तुम्ही कधी ओरडत नाही." तिची नजर टेबलावर गेली. "पाठ उघडी ठेवलीत होय?"

"सवयीने झालं," मास्तर म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "सवयीने की मुद्दाम, मलाच कळत नाहीये. सकाळपासून सगळ्यांना सांगतोय, आनंद झाला. नाही झालेला. तू चाललीस आणि मला वाईट वाटलं. का, ते विचारू नकोस. माझी मलाच शिसारी आलीय."

ती वॉकरवर रेलली. मास्तरांनी स्टूल पुढे केलं आणि तिला धरून बसवलं. राग आलाय की काय, हे तिच्या चेहऱ्यावरून त्यांना ओळखता येईना.

"सकाळी खिडकीपाशी मी रडले ना," ती म्हणाली, "ती मुलगी म्हणाली, आनंदाश्रू आहेत. मी म्हटलं, असतील बाई. तू शिकलेली आहेस."

"मग? नव्हते?"

"काय माहीत! माझी मलाही कुठे उमज पडलीय?"

मास्तर टेबलाला टेकून जमिनीवरच बसले.

"आता काय करायचं?"

"काही नाही. वाईट वाटतंय तर वाटू द्या की," ती म्हणाली. "मी जाऊन जाऊन जाणार कुठे? अजून दारापर्यंतच तर पोचतेय."